मेंदूपेशींचा गोळा व त्यावरील पहारा

शरीराच्या बहुतेक इंद्रियांचा अभ्यास मनुष्य जिवंत असतांनाच करतां येतो. रक्त काढून तपासतां येतें, हृदयाचे ठोके छातीला नळी लावून ऐकतां येतात, यकृताचा बारीकसा कण सुईनें काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवतां येतो. मेंदूची गोष्ट निराळी आहे. तो कवटीच्या पेटींत बंद असतो, आणि केवळ जिज्ञासा भागविण्यासाठीं जिवंत मनुष्याच्या मेंदूचा तुकडा काढावा असें कोणीहि सज्जन वैद्य म्हणणार नाहीं. मरणानंतर मिळणारा मेंदू बंद पडलेल्या घड्याळासारखा असतो. त्यावरून चाकें कळतात, चाल कळत नाहीं. उंदराच्या मेंदूपासून पुष्कळ शिकतां आलें हें खरें. तथापि उंदराचा मेंदू गुळगुळीत, तर मनुष्याच्या मेंदूला अक्रोडासारख्या वळ्या, आणि मनुष्यास होणारे कित्येक मेंदूविकार उंदरास होतच नाहींत. गर्भांतील बालकाचा मेंदू कसा घडतो व कोठें बिघडतो, हें प्रत्यक्ष पाहण्याचा तर मार्गच नव्हता.

असा मार्ग अलीकडे निघाला आहे. मनुष्याच्या कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून प्रयोगशाळेंत मेंदूपेशींचे बारीक गोळे वाढविण्याची विद्या साध्य झाली आहे. शास्त्रज्ञ त्यांस ‘ऑर्गनॉईड’ म्हणतात. या विद्येनें कांहीं दुर्धर विकारांवर प्रकाश पाडला, आणि तिनेंच एक नवा प्रश्नहि उभा केला: आपण वाढविलेल्या या गोळ्यास कांहीं जाणवत असेल काय? जाणवत असेल तर तें कळावें कसें, आणि त्यावर पहारा कोणीं ठेवावा? हा विषय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस यथाशक्ति समजावून सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम हे गोळे घडतात कसे तें पाहूं. शरीराबाहेर मज्जातंतु वाढूं शकतो हें अमेरिकेंतील रॉस हॅरिसन यांनीं १९०७ सालीं दाखविलें. बेडकाच्या गर्भांतील मज्जेचा एक कण त्यांनीं लसिकेच्या थेंबांत ठेविला, आणि त्यांतून तंतु फुटून पुढें सरकतांना डोळ्यांनीं पाहिला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, २००६ सालीं, जपानांतील क्योतो विद्यापीठाचे शिन्या यामानाका यांनीं उंदराच्या कातडीच्या पेशींत चार जनुकें घालून त्यांस गर्भाच्या आरंभींच्या पेशींसारखें केलें. २००७ सालीं हीच क्रिया मनुष्याच्या पेशींवरहि साधली. या शोधाबद्दल त्यांस इंग्लंडचे जॉन गर्डन यांजबरोबर २०१२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. अशा रीतीनें मागें वळविलेल्या पेशीपासून हृदयाची, यकृताची किंवा मेंदूची पेशी घडवितां येते.

पुढें २०१३ सालीं व्हिएन्ना येथें मॅडेलिन लँकेस्टर, युर्गेन क्नोब्लिख व त्यांचे सहकारी यांनीं अशा पेशींचे पुंजके जेलीसारख्या पदार्थाच्या थेंबांत बसविले, आणि ते थेंब पोषक द्रवांत हळूहळू फिरत ठेविले. पुढचें बरेंचसें काम पेशींनीं आपलें आपण केलें. बीं पेरल्यावर कोंब वर जावा व मूळ खालीं जावें हें माळ्यास सांगावें लागत नाहीं, तसेंच हें झालें. सुमारें दोन महिन्यांत चार मिलिमीटरपर्यंत, म्हणजे मुगाच्या दाण्याएवढे, गोळे तयार झाले, आणि त्यांत मेंदूच्या निरनिराळ्या भागांची आरंभींची रचना दिसूं लागली.

हे गोळे म्हणजे काय हें जितकें सांगितलें पाहिजे, तितकेंच ते काय नव्हेत हेंहि सांगितलें पाहिजे; कारण ‘बशींतला मेंदू’ असे मथळे वाचून वाचकांच्या मनांत भलतेंच चित्र उभें राहतें. प्रौढ मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६०० कोटि मज्जापेशी असतात. या गोळ्यांतील पेशी लाखांनीं मोजाव्या लागतात. मधमाशीच्या मेंदूंत सुमारें दहा लाख मज्जापेशी असतात, यावरून प्रमाण ध्यानांत यावें. शिवाय गोळ्यास रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळें तो कांहीं मर्यादेपलीकडे वाढला कीं मधल्या पेशींस प्राणवायु व अन्न पोंचत नाहीं, आणि त्या मरतात. त्यास डोळे नाहींत, कान नाहींत, कातडी नाहीं. बाहेरचें जग त्याच्याकडे येत नाहीं, आणि त्याच्याकडून बाहेर कांहीं जात नाहीं. सारांश, त्यास मेंदू म्हणणें हें विटांच्या ढिगास वाडा म्हणण्यासारखें आहे. मात्र या विटा खऱ्या आहेत, आणि त्या आपण होऊन एकमेकींस जोडल्या जातात, हें विसरतां कामा नये.

इतका खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर व्हिएन्नाच्या पहिल्याच प्रयोगांत आहे. कांहीं बालकें जन्मतः अत्यंत लहान डोक्याचीं असतात. त्यांचा मेंदू वाढलेलाच नसतो. अशा एका रुग्णाच्या कातडीपासून वाढविलेले गोळेहि लहानच राहिले, आणि त्याचें कारण सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलें. मेंदू घडविणाऱ्या मूळ पेशींनीं प्रथम पुष्कळ दुणावून मग मज्जापेशी बनावयाचें असतें. या रुग्णाच्या पेशी वेळेपूर्वींच मज्जापेशी बनूं लागल्या, त्यामुळें मूळ पेशींचा सांठा लवकर संपला. शेतकऱ्यानें बियाण्याचें धान्य पेरणीआधींच खाऊन टाकावें, तसा हा प्रकार होता. उंदरांत हाच जनुकदोष घडवून आणला असतां मनुष्यासारखा विकार नीट उमटत नव्हता.

दुसरें उदाहरण झिका रोगाचें. २०१५ सालीं ब्राझील देशांत लहान डोक्याचीं अर्भकें मोठ्या संख्येनें जन्मूं लागलीं, आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आणीबाणी जाहीर केली. डासांमार्फत पसरणारा झिका विषाणु याचें कारण असावा असा संशय होता. पण गर्भवती स्त्रियांवर प्रयोग करून तो कोण पडताळून पाहणार? अमेरिकेंतील व ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनीं त्याच वर्षीं या गोळ्यांस विषाणूची लागण करून दाखविलें कीं, तो मेंदूच्या मूळ पेशींवरच घाला घालतो व गोळ्याची वाढ खुंटवितो. ज्या मातांच्या मनांत आपल्या हातून कांहीं चुकलें काय ही रुखरुख होती, त्यांस या शोधानें खरें कारण कळण्यास साह्य झालें. हें कार्य लहानसहान नव्हे, आणि पुढील आक्षेपांचा विचार करतांना तें तराजूच्या एका पारड्यांत ठेविलें पाहिजे.

आतां दुसऱ्या पारड्याकडे वळूं. पहिला प्रश्न पेशी देणाराचा आहे. १९५१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीवर कर्करोगाचे उपचार चालू होते. ती पांच मुलांची आई होती. तिच्या गांठीचा कण तिला न विचारतां काढण्यांत आला, आणि त्यांतील पेशी प्रयोगशाळेंत अखंड वाढत राहिल्या. ती त्याच वर्षीं ३१ व्या वर्षीं वारली. परंतु तिच्या पेशी जगभर गेल्या, पोलिओच्या लसीच्या कामीं आल्या, त्यांवर व्यापार झाला, आणि तिच्या कुटुंबास वीस वर्षांहून अधिक काळ याची वार्ताहि नव्हती. त्यांतून जगाला फायदा झाला म्हणून न विचारण्याचा दोष पुसला जात नाहीं. मेंदूपेशींच्या बाबतींत ही गोष्ट अधिकच नाजूक आहे. ज्यानें कातडीच्या रोगाच्या अभ्यासासाठीं कातडीचा कण दिला, त्यापासून मेंदूची ऊतक-रचना वाढवावी, तो गोळा वर्षानुवर्षें जगवावा, किंवा एखाद्या प्राण्याच्या डोक्यांत बसवावा, यास त्याची संमति आहे असें कसें मानावें? एका कामासाठीं दिलेली संमति दुसऱ्या कामास पुरत नाहीं, हा साधा व्यवहार येथेंहि लागू आहे.

दुसरा प्रश्न जाणिवेचा. २०१९ सालीं कॅलिफोर्नियांतील आलिसन मुओत्री व त्यांचे सहकारी यांनीं कळविलें कीं, कांहीं महिने वाढविलेल्या गोळ्यांत विजेच्या लयबद्ध लहरी उठतात, आणि त्यांचें कांहीं बाबतींत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या मेंदूलहरींशीं साम्य आढळतें. हें वाचून पुष्कळांच्या मनांत धस्स झालें. पण दोन घरांतून सारखाच धूर निघाला म्हणजे दोन्ही घरांत सारखाच स्वयंपाक शिजतो असें होत नाहीं. लहरींचें साम्य हें लहरींचेंच साम्य होय. त्यावरून मागें कोणी अनुभवणारा आहे असा निष्कर्ष निघत नाहीं.

२०२५ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सर्जिउ पाश्का यांच्या प्रयोगशाळेनें याहून पुढचें पाऊल टाकलें. कातडीपासून मेंदूपर्यंत वेदनेचा संदेश ज्या मार्गानें जातो, त्याचे चार टप्पे त्यांनीं चार गोळ्यांच्या रूपानें वाढविले व एकमेकांस जोडले. मग पहिल्या गोळ्यावर कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीला तिखटपणा देणारें द्रव्य, सोडलें. संदेश शेवटच्या गोळ्यापर्यंत पोंचला. वेदनाशामक औषधें शोधण्यास याचा मोठा उपयोग होण्याजोगा आहे. मग त्या गोळ्यांस झोंबलें काय? येथें एक भेद लक्षांत ठेवावा. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल दिलेल्या रोग्याच्या मज्जातंतूंतून शस्त्राचा संदेश वर जातच असतो, परंतु रोग्यास वेदना होत नाहीं. संदेश वाहणें ही एक क्रिया, आणि वेदना होणें ही दुसरी. दुसरीसाठीं मेंदूच्या अनेक भागांचा मेळ लागतो, आणि तो या चार गोळ्यांत नाहीं.

येथवरचा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. तथापि तेवढ्यावर निर्धास्त राहावें असें मात्र वाटत नाहीं, आणि त्याचें कारण वैद्यकाच्याच इतिहासांत आहे. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत अनेक ठिकाणीं नवजात अर्भकांवर अगदीं अल्प भूल देऊन, कधीं कधीं वेदनाशामक औषध मुळींच न देतां, शस्त्रक्रिया होत असत. अर्भकाचा मेंदू अपुरा असल्यामुळें त्यास खरी वेदना कळत नाहीं, अशी कित्येक वैद्यांची समजूत होती. शिवाय इतक्या लहान जीवास भूल झेपणार नाहीं ही भीतीहि होती. ऑक्सफर्ड येथें काम करणारे भारतीय वंशाचे वैद्य कंवलजीत सिंग आनंद यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविलें कीं, वेदनाशामक न मिळालेल्या अर्भकांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा भयंकर ताण पडतो, आणि औषध दिलेलीं अर्भकें अधिक सुखरूप राहतात. त्यानंतर प्रघात बदलला. तीं अर्भकें रडत होतीं, हातपाय आखडीत होतीं, तरीहि विद्वानांचा गैरसमज झाला. गोळ्यास तर रडण्याचें कोणतेंच साधन नाहीं. तेव्हां त्याची तक्रार येईल व मग आपण विचार करूं, हा मार्ग येथें खुलाच नाहीं. विचार आधींच केला पाहिजे.

तिसरा प्रश्न प्राण्यांचा. २०२२ सालीं पाश्का यांच्याच मंडळींनीं मानवी मेंदूपेशींचे गोळे थोड्या दिवसांच्या उंदरांच्या पिलांच्या मेंदूंत बसविले. तेथें रक्तपुरवठा मिळाल्यामुळें ते पुष्कळ वाढले. मेंदूच्या त्या बाजूचा सुमारें एक तृतीयांश भाग त्यांनीं व्यापला. उंदराच्या मिशा हलविल्या असतां मानवी पेशी उत्तर देऊं लागल्या. त्या उंदरांची स्मरणशक्ति किंवा वर्तन यांत विशेष फरक आढळला नाहीं. परंतु येथें प्रश्नाचें स्वरूप पालटतें. बशींतील गोळ्यास जाणीव आहे कीं नाहीं याचा वाद होऊं शकेल. उंदरास वेदना होते याविषयीं वाद नाहीं. आणि उद्यां हाच प्रयोग मनुष्याच्या अधिक जवळच्या प्राण्यावर, माकडावर, करूं गेल्यास किती सावधपणें पाऊल टाकावें लागेल हें उघड आहे.

मग पहारा कसा ठेवावा? यासाठीं एक जुनें उदाहरण उपयोगी पडेल. १९७८ सालीं इंग्लंडांत शरीराबाहेर गर्भधारणा झालेलें पहिलें मूल जन्मास आलें, आणि प्रयोगशाळेंतील मानवी गर्भ किती दिवस वाढवावा हा प्रश्न निघाला. ब्रिटिश सरकारनें त्यासाठीं जी समिति नेमिली, तिच्या अध्यक्षा मेरी वॉर्नक या शास्त्रज्ञ नसून तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक होत्या, व पूर्वीं एका कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. समितीनें १९८४ सालीं चौदा दिवसांची मर्यादा सुचविली, व १९९० सालीं ती तेथें कायद्यांत आली. पंधराव्या दिवसाच्या सुमारास गर्भावर पहिली रेघ उमटते, आणि तेथून शरीराची आंखणी सुरू होते, हें त्याचें कारण. या नियमाचा मोठा गुण असा कीं तो मोजतां येतो. तो पाळला कीं मोडला हें दिनदर्शिका पाहून सांगतां येतें.

मेंदूपेशींच्या गोळ्यास असा चौदावा दिवस नाहीं, हीच खरी अडचण होय. तो गर्भ नव्हे, म्हणून गर्भाचे कायदे त्यास लागत नाहींत. तो मनुष्य नव्हे, म्हणून रुग्णांवरील प्रयोगांचे नियम पेशी घेण्यापुरतेच लागतात. बशींत आहे तोंवर तो प्राणीहि नव्हे. २०२१ सालीं मूलपेशी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें आपले मार्गदर्शक नियम सुधारले, आणि त्याच वर्षीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनीं या विषयावर विस्तृत अहवाल काढला. आजच्या गोळ्यांस जाणीव किंवा वेदना असल्याचा पुरावा नाहीं, म्हणून त्यांसाठीं स्वतंत्र कडक तपासणीची तूर्त जरूर नाहीं, मात्र ते जसजसे गुंतागुंतीचे होतील तसतसा पुनर्विचार करावा, असा दोहोंचा साधारण सूर आहे. आपल्या देशांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०१७ सालीं मूलपेशी संशोधनाचे राष्ट्रीय नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार असें संशोधन करणाऱ्या संस्थेंत त्यासाठीं वेगळी समिति असावी लागते, आणि संशोधनाचे परवानगीयोग्य, निर्बंधित व निषिद्ध असे तीन वर्ग पाडलेले आहेत.

‘पुनर्विचार करावा’ हे शब्द चांगले आहेत, परंतु तो केव्हां करावा हें आधीं ठरलें नसेल तर तो कधींच होत नाहीं. या बाबतींत येल विद्यापीठाच्या एका प्रयोगाचा कित्ता गिरविण्यासारखा आहे. २०१९ सालीं तेथील नेनाद सेस्तान यांच्या चमूनें मांसासाठीं मारलेल्या डुकरांचे मेंदू, मृत्यूनंतर चार तासांनीं, एका यंत्राला जोडले व त्यांत रक्तासारखा द्रव सहा तास खेळविला. पेशींचे कांहीं व्यवहार पुन्हा सुरू झाले. जाणिवेची खूण ठरेल अशी सबंध मेंदूची एकत्रित विद्युत्‌हालचाल दिसली नाहीं. पण ती दिसलीच तर तत्काळ भूल द्यावयाची व मेंदू थंड करावयाचा, हें प्रयोगापूर्वींच ठरलेलें होतें, व साधनें हाताशीं होतीं. थांबण्याची खूण चालण्याआधीं ठरविणें, हेंच आमच्या मतें या पहाऱ्याचें मर्म आहे. ज्याच्या हातांत यशाची आशा आहे त्यास ऐन वेळीं थांबण्याचा निर्णय घेणें जड जातें; म्हणून तो निर्णय आधीं, शांतपणें, व इतरांच्या साक्षीनें झालेला बरा.

दुसरी गोष्ट शब्दांच्या प्रामाणिकपणाची. २०२२ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं मनुष्याच्या व उंदराच्या सुमारें आठ लाख मज्जापेशी विजेच्या पट्टीवर पसरून त्यांजकडून पडद्यावरील चेंडूफळीचा खेळ खेळविला, आणि आपल्या निबंधांत त्या पेशींस ‘संवेदनशील’ या अर्थाचें विशेषण लाविलें. त्यावर इतर शास्त्रज्ञांनीं आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. असा शब्द खोटा असेल तर लोकांस व्यर्थ भय वाटतें. खरा असेल तर त्याच पेशींचें यंत्र करून विकण्याचा अधिकार कोणीं दिला हें सांगावें लागतें. त्याच कंपनीनें २०२५ सालीं जिवंत मज्जापेशींवर चालणारा संगणक विक्रीस काढला आहे. जेथें विद्येबरोबर व्यापार आला, तेथें पहारेकरी विद्येच्या व व्यापाराच्या अशा दोन्ही घरांबाहेरचा असला पाहिजे.

हा बाहेरचा पहारेकरी कोण? आपल्या देशाच्या नियमांप्रमाणें रुग्णांवरील संशोधन तपासणाऱ्या नीतिसमितींत वैद्य व कायदेपंडित यांच्याबरोबर एक सामान्य नागरिकहि असावा लागतो. त्यानें शास्त्रज्ञ असण्याची गरज नाहीं. उलट, न समजलेलें पुन्हा विचारण्याचा संकोच नसणें हीच त्याची योग्यता. हें काम आमच्या वाचकांपैकीं कोणाच्याहि वाट्यास येऊं शकेल. मुलांच्या बाबतींत पालकांची संमति तर लागतेच. पण परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी, व बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी अनुमतीहि घ्यावी लागते. म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांची सही ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे.

तेव्हां एखाद्या रुग्णालयांत, उपचाराखेरीज संशोधनासाठीं म्हणून रक्ताचा थेंब किंवा कातडीचा कण मागण्यांत आला, तर देण्यास भिऊं नये. अशाच दानामुळें लहान डोक्याच्या बालकांच्या विकाराचें मूळ सांपडलें. मात्र तीन गोष्टी विचाराव्या. माझ्या पेशींपासून काय काय घडविणार, व त्यांत मेंदूपेशी आहेत काय? त्या कोणाकडे जातील, व व्यापारासाठीं वापरल्या जातील काय? आणि पुढें माझें मन बदललें तर मला त्या परत थांबवितां येतील काय? हीं उत्तरें आपणांस समजेल अशा भाषेंत मिळण्याचा आपला हक्क आहे. तीं स्वच्छ मराठींत मिळेपर्यंत सही करूं नये.